पट्टीवरचं नाव

औषधाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून द्यायच्या असल्या तर कात्री कुठून लावायची, याची एक रीत असते. ज्या टोकाला नाव आणि मुदतीची तारीख छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत दुकानात ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाकडून कापत यायचं. धुळ्याला औषधशास्त्राचा डिप्लोमा करताना हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सुरतेत आल्यावर डिंडोलीतल्या ज्या दुकानात मी आधी नोकरी केली, तिथल्या मालकांनी शिकवलं. रीत चुकीची नाही. उरलेल्या गोळ्या कोणत्या आणि कधीपर्यंत चालतील हे दुकानदाराला कळायला हवं. घेणाऱ्याच्या हातात मात्र चकाकत्या कागदाचा नुसता तुकडा येतो, त्यावर काही लिहिलेलं नसतं. आमच्याकडची गिऱ्हाइकं लूमवर राबणारी, साड्यांची बोचकी वाहणारी. ती तुकडा उलटून बघतही नाहीत. "मेडिकलवाले भाऊनी दिली" एवढं त्यांना पुरतं.

माझ्या मुलीलाही तेवढंच पुरत होतं.

ती तेव्हा अकरावीत होती. आमच्या भागातल्या आरोग्य केंद्राच्या नर्सबेननी सोसायट्यांमधून थोड्या मोठ्या मुली निवडल्या, त्यांना शिकवलं आणि प्रत्येकीला आपापल्या गल्लीतल्या लहान मुलींचा एक गट दिला. वयात येताना अंगात काय बदल होतात, पाळी म्हणजे काय, त्या दिवसांत काय वापरायचं, काय खायचं, कुणी नको तिथं हात लावला तर कुणाला सांगायचं, लग्नाची घाई का करायची नाही, अशा गोष्टी मुलींनीच मुलींना सांगायच्या. बाई सांगायला लागल्या की मुली माना खाली घालतात. आपल्यातलीच कुणी सांगत असली तर तोंड उघडतात, असं नर्सबेनचं म्हणणं. माझी मुलगी त्या निवडलेल्यांपैकी एक होती.

शनिवारी दुपारी अंगणवाडीच्या खोलीत तिचा गट भरायचा. पहिल्या शनिवारी दोघीच आल्या. आया पाठवायला तयार नव्हत्या, कारण आमच्या गल्लीत शाळेतून आलेली मुलगी दुपारी साडीवर खडे चिकटवायला बसते. तेवढाच घराला हातभार. मग मुलीनं युक्ती केली. "साड्या घेऊनच या, चिकटवता चिकटवता ऐका," असं तिनं घरोघर जाऊन सांगितलं. त्यानंतर खोली भरायला लागली. दुकानातून मला ती खोली दिसायची. दारातून गोंदाचा वास यायचा आणि मधूनच असा हशा उसळायचा, की रस्त्यावरून जाणारे पुरुष वळून बघायचे आणि नजर फिरवून चालू लागायचे.

मीही नजर फिरवणाऱ्यांतलाच. घरी ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहून शनिवारचं बोलणं पाठ करायची आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. दुकानात पॅडचं पाकीट मी आधी वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत बांधून द्यायचो. एकदा ती गल्ल्यापाशी बसली होती. म्हणाली, "पप्पा, तुम्ही हे असं बांधता, जसं काही चोरीचा माल आहे." समोर उभी असलेली बाई हसली. मीही हसलो. पुढचं पाकीट तसंच बांधलं.

तिच्या गटाला सगळ्यात अवघड गेलं ते निळ्या गोळीचं काम. मुलींना आठवड्यातून एकदा रक्तवाढीची गोळी घ्यायची असते. गोळी फुकट मिळते, आणि फुकट म्हणूनच तिच्यावर कुणाचा भरवसा नसतो. गल्लीत बोलवा अशी होती, की ही गोळी खाल्ली की पाळी थांबते, पुढं मूल होत नाही. पोरी ती जिभेखाली धरायच्या आणि खिडकीतून थुंकायच्या. अंगणवाडीच्या मागच्या गटारात निळे डाग दिसायचे. माझ्या मुलीनं वाद घातला नाही. दर शनिवारी सगळ्यांच्या देखत ती आधी स्वतः गोळी घ्यायची, आ करून दाखवायची आणि म्हणायची, "दिसली का कुठं? आता तुमची वेळ. पण जेवून आलात ना? रिकाम्या पोटी नाही घ्यायची." हळूहळू एकेक मुलगी आ करून दाखवायला लागली. ही तिची कमाई होती. रात्री जेवताना ती आज किती जणींनी घेतली हे सांगायची, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

तिला स्वतःला त्या गोळीनं मळमळायचं. हे ती फक्त मला सांगायची. मी तिचा बाप, आणि वर औषधवाला.

त्या वर्षी कानबाईचे रोट आमच्या घरी होते. खानदेशातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. श्रावणातल्या एका रविवारी कानबाईमातेची स्थापना होते. भाऊबंद एका घरी जमतात, घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट होतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. सोवळं कडक. डिंडोलीत तर गल्लीगल्लीत कानबाई बसते, गावाकडं नसेल एवढी धामधूम असते. माझा थोरला भाऊ गावाहून सगळ्या कुटुंबासह येणार होता. वडील गेल्यावर त्यानं मला शिकवलं, धुळ्याला ठेवलं. सुरतेत माझं स्वतःचं दुकान झाल्यानंतर तो पहिल्यांदाच माझ्या घरी रोटांना येणार होता.

आठवडाभर आधी बायकोनं दिवसांचा हिशेब केला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "पोरले अडचण उनी ते काय करसू?" घरात आम्ही अहिराणीच बोलतो. मुलीची पाळी नेमकी त्याच रविवारच्या आसपास येणार होती. आमच्या घरात दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. तिला बाजूला बसवायचं तरी कुठं?

त्यावरचा उपाय माझ्या गल्ल्याच्या खालच्या खणात होता. श्रावण आला की पाळी लांबवायच्या गोळ्या मी हाताशी काढून ठेवायचो. बायका यायच्या, दुकानात दुसरं कुणी नाही असं बघायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, ती गोळी." कुणासाठी, किती वयाच्या मुलीसाठी, आधी कधी घेतली होती का, डॉक्टरला विचारलं का, यातलं मी काही विचारत नसे. कात्री लावायचो, तुकडा द्यायचो.

बायको म्हणाली, "तिले सांगा. ती समजदार शे."

हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे, कारण नंतर गल्लीत बोलणं झालं ते बायकोवरच आलं. मुलीला सांगा, असं ती म्हणाली होती. नको म्हणालो तो मी.

मुलगी गोळी घ्यायला नाही म्हणेल याची मला भीती नव्हती. ती बोलेल याची होती. आरशासमोर काय पाठ करते ते मी टीव्हीच्या आवाजातूनही ऐकलं होतं. पाळी हा विटाळ नाही, अंगाचा धर्म आहे, असं ती भावासमोर, चौरंगापाशी, सगळ्या भाऊबंदांत म्हणाली असती. आणि भावानं तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं असतं, ही कल्पनाच मला सोसवेना. म्हणून मी पट्टीतून गोळ्या बाहेर काढल्या, कागदी पाकिटात घातल्या आणि घरी येऊन तिला म्हणालो, "निळीनं मळमळतं ना तुला? ही पांढरी घे. रक्तवाढीचीच आहे, चांगल्या कंपनीची. रोज घ्यायची, मी सांगेन तोपर्यंत."

"रोज?"

"हलकी असते ना ही, म्हणून."

तिनं लगेच पाणी घेतलं आणि गोळी गिळली. गिळल्यावर सवयीनं आ करून दाखवलं आणि हसली.

कानबाई छान पार पडली. मुलगी नऊवारी नेसून काकूबरोबर रोट लाटत होती, रात्री बायकांच्या गाण्यात बसली, सोमवारी विसर्जनाला बँडपुढं नाचली. भावानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुन्ही आंडेर चांगली निंघनी भो," म्हणाला. आंडेर म्हणजे लेक. तेव्हा मला अपराधी वाटलं नाही. खोटं कशाला लिहू? मला फार बरं वाटलं.

त्या आठवड्यातच एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी दुकानात आली. हाताला साडीचा गोंद लागलेला. "काका, वो दीदीवाली पांढरी गोळी देना."

"कोणती?"

"आयर्नवाली. निळीनं मला उलटी होते. दीदी बोली, माझ्या पप्पांकडं पांढरी आहे, तिनं काहीच होत नाही. दीदी रोज घेते."

माझे हात काउंटरवर होते ते तिथंच राहिले. मुलीनं मळमळीची गोष्ट फक्त मला सांगितलेली होती. आता उपाय सापडला म्हणून तिनं ती गटालाही सांगून टाकली होती. तिला वाटलं, आपल्याला मिळालं ते त्यांनाही मिळावं.

"संपली," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात ये."

तेव्हा तरी बोलता आलं असतं. घर चार पावलांवर होतं. मी शटर अर्धं ओढून जाऊ शकलो असतो. मी खालच्या खणातल्या पट्ट्या उचलून मागच्या फळीवर, खोक्यामागं ठेवल्या. रात्री मुलगी म्हणाली, "पप्पा, ती पांढरी जास्त मागवा ना. आमच्यातल्या बऱ्याच जणींना निळी झेपत नाही." मी "बघतो" म्हणालो आणि भाजी वाढून घेतली.

गोळ्या थांबल्यावर तिची पाळी आली, पण नेहमीसारखी नाही. फार जोरात आली, पोटात कळा, चक्कर. शनिवारी गट अर्ध्यावर सोडून ती घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. बायको तिच्या पायांना तेल चोळत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. मला माहीत होतं, या गोळ्यांनंतर असं होऊ शकतं. औषधवाला म्हणून माहीत होतं. मुलीला माहीत नव्हतं, म्हणून ती घाबरली. आपल्याला काही मोठं झालंय असं तिच्या डोक्यात बसलं. आम्हाला न सांगता ती नर्सबेनकडं गेली. त्यांनी सरळ प्रश्न विचारला : काही गोळी घेतली होती का? ती म्हणाली, फक्त आयर्नची, पांढरी. नर्सबेन म्हणाल्या, पट्टी घेऊन ये.

पट्टी तिच्याकडं नव्हती. कागदी पाकिटाच्या तळाशी एक गोळी उरली होती, ती तिनं कंपासपेटीत ठेवली होती.

मी दुपारी जेवायला घरी जायचो तेव्हा ती गल्ल्यावर बसायची. त्या दिवशी परत आलो तर काउंटरवर पांढरा कागद पसरलेला. त्यावर ती एक गोळी आणि शेजारी खोक्यामागून काढलेली पट्टी, एक घर फोडलेलं, आतली गोळी बाहेर काढून जोडीला ठेवलेली. दोन्ही सारख्या. पट्टी नावाची बाजू वर करून ठेवली होती.

"ही ती आहे ना? श्रावणात बायका मागतात ती?"

मी चपला काढत बसलो.

"पप्पा, मी विचारतेय."

"घरी कानबाई होती बेटा. काका येणार होते. तुला त्रास नको म्हणून..."

"मला विचारलं असतं तर मी घेतलीही असती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "कदाचित नसती घेतली. पण मी त्यांना सांगितलं, पप्पा. माझ्या तोंडानं सांगितलं, ही आयर्नची आहे, तुम्हीपण घ्या. एखादीला तुम्ही दिली असती तर?"

"दिली नाही ना. संपली म्हणालो."

"म्हणजे तेही खोटं."

एक गिऱ्हाईक आलं. खोकल्याचं औषध दिलं, सुट्टे दिले. ते गेल्यावर मी जे बोललो ते आजही मला झोपू देत नाही. मी म्हणालो, "आता गटात काही सांगू नकोस. पांढरी बंद झाली म्हण. कुणाला कळणार आहे?"

"तुमच्यासारखं करू?" ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

पुढच्या शनिवारी तिनं गटाला सगळं सांगितलं. ती पांढरी गोळी कशाची होती, तिला ती कुणी दिली, काय म्हणून दिली. आणि जे व्हायचं ते झालं. मुलींना नेमकी हीच भीती होती, की आयर्नच्या नावाखाली पाळी थांबवायची गोळी देतात. गल्लीतली जी बोलवा खोडायला माझी मुलगी दर शनिवारी आ करून दाखवत होती, ती तिच्या बापानं खरी करून दाखवली होती. एक मुलगी तिला म्हणाली, "दीदी, तेरे पप्पा तो खुद मेडिकलवाले आहेत, तरी तुला कळलं नाही. मग आम्हाला कसं कळणार?"

गटारात पुन्हा निळे डाग दिसायला लागले. मग तेही दिसेनात, कारण मुलीच येईनात. आया वेगळ्याच कारणानं चिडल्या. 'ती गोळी' काय असते हे आता त्यांच्या पोरींना कळलं होतं. एक बाई दुकानात येऊन माझ्यावरच बरसली, "भाऊ, तुमच्या पोरीनं आमच्या पोरींच्या डोक्यात काय भरलं? मी साधी डोकेदुखीची गोळी दिली, तर म्हणते, पट्टी दाखव!" मनातल्या मनात त्या बाईच्या मुलीला शाबासकी दिली, एवढंही मोठ्यानं बोलायची लाज वाटली.

दोन शनिवार माझी मुलगी अंगणवाडीची खोली उघडून एकटी बसली. मी दुकानातून बघत होतो. खडू घेऊन तिनं फळ्यावर काहीतरी लिहिलं, वाट बघितली, पुसलं. तिसऱ्या शनिवारी ती गेलीच नाही. घरी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली आणि पान उलटलं नाही. मुली येणार नसतील तर हा गट बंद करून दुसऱ्या वस्तीत सुरू करावा लागेल, असं आरोग्य केंद्रातून सांगितलं होतं.

मी नर्सबेनना भेटायला गेलो. वाटलं, त्या एकदा येऊन मुलींना समजावतील. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि गुजरातीत म्हणाल्या, "भाई, छोकरीओ माराथी नाराज नथी." म्हणजे मुली त्यांच्यावर रुसलेल्या नव्हत्या. एवढं बोलून त्या लसीच्या डब्यात बर्फ भरायला लागल्या.

त्या रात्री मी मुलीला विचारलं, मी काय करू.

"तुम्ही येऊन सांगा."

"मी? पोरींच्या समोर? तिथं पुरुष येत नाहीत ना."

"मग कुणासमोर सांगाल? काकांसमोर?"

बायको भांडी घासत होती, तिच्या हातातलं पातेलं थांबलं. मी म्हणालो, येतो. आणि गेलो नाही. एका शनिवारी माल येणार होता. दुसऱ्या शनिवारी दुकानात गर्दी होती. खरं तर नव्हती. मुलीनं आठवण केली नाही. बायकोनं केली. तिसऱ्या शनिवारी तिनं दुकानात येऊन माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाली, "मी घरोघर जाईसन पोरीसले बलाई उनू. त्या बसेल शेतस. चला." मुलींना बोलावून आणलंय, त्या बसल्या आहेत, चला.

निम्म्या मुली आल्या होत्या. मांडीवर साड्या, हातात खड्यांच्या पुड्या. मी आत गेल्यावर सगळ्यांचे हात थांबले आणि दोन-तीन जणींनी ओढण्या सारख्या केल्या. मला वाटलं, उलट पावली निघावं. बायको दाराजवळ बसली होती, म्हणून निघता आलं नाही. मी सुरुवात केली ती भलतीच. शरीरात अमुक स्राव असतो, त्याचं प्रमाण असं असतं, गोळीनं ते तसं होतं. माझी मुलगी फळ्याशी उभी राहून खडू बोटांत फिरवत होती.

साडीवर वाकलेली एक मुलगी मान वर न करता म्हणाली, "काका, ते सगळं दीदीनं शिकवलंय. तुम्ही खोटं का बोललात ते सांगा."

कुणीतरी तिला चिमटा काढला. "अगं, चूप बैस!"

"का चूप? विचारायला सांगते ना दीदी?"

मग मी सांगितलं. माझ्या थोरल्या भावाचं सांगितलं, त्याची मला भीती वाटते हे सांगितलं. मुलगी काय बोलेल याची भीती वाटली म्हणून तिला न सांगता गोळी दिली, ती तुमची निळी गोळी नव्हे, आयर्नचं नाव मी मुद्दाम घेतलं कारण तिचा त्यावर विश्वास होता, हेही सांगितलं. दीदीला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती तुमच्याशी खोटं बोलली नाही, तिच्या तोंडून मी बोललो.

"इतकी मोठी माणसं पण घाबरतात?" एक अगदी लहान मुलगी शेजारणीला विचारत होती. हळू विचारायचं तिला जमलं नाही.

मघाशी प्रश्न विचारणारी म्हणाली, "मग आता काकांनी निळी घेऊन दाखवावी."

हशा झाला. माझ्या मुलीनं गोळ्यांचा डबा उघडला, एक अख्खी पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. मी एक गोळी काढली. तोंडात टाकणार तोच ती लहानगी ओरडली, "काका, जेवून आलात का? रिकाम्या पोटी नाही घ्यायची!"

सकाळपासून मी घाबरून काही खाल्लं नव्हतं. नाही, म्हणालो. मग पुन्हा हशा. कुणीतरी डब्यातली अर्धी भाकरी पुढं केली, मी ती त्या सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ली, गोळी घेतली, आ करून दाखवलं. माझी मुलगी हसली नाही. तिनं पट्टी माझ्याकडून परत घेतली आणि पहिल्या मुलीच्या हातात दिली. "आधी नाव वाच. मोठ्यानं. मग तारीख." ती मुलगी अडखळत वाचायला लागली. पट्टी हातोहात फिरली. काहींनी वाचून गोळी घेतली, काहींनी आईला दाखवते म्हणून ओढणीच्या टोकाला बांधली, दोघींनी तशीच पुढं सरकवली. कुणाला ती जबरदस्ती करत नव्हती. मी बाहेर आलो तेव्हा आतून नाव वाचल्याचे आवाज येत होते, एकीचा दुसरीपेक्षा मोठा.

गट बंद पडला नाही. पूर्वीइतका भरतही नाही.

यंदा श्रावणात बायका पुन्हा आल्या. "भाऊ, ती गोळी." मी आता डॉक्टरची चिठ्ठी मागतो, आणि त्याआधी एक विचारतो, "मुलीला माहीत आहे का?" काही जणी बुचकळ्यात पडतात. काही जणी पदर झटकून समोरच्या दुकानात जातात. तिथं मिळते. मी फार काही थांबवलं आहे असं मला वाटत नाही. भावाला मी अजून काही सांगितलेलं नाही. यंदाचे रोट गावाला होते. मुलीची अडचण त्याच दिवसांत होती. ती आली नाही, घरी राहिली आणि तिच्या काकूनं विचारलं तर तिनं फोनवर खरं कारण सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मी शेजारीच बसलो होतो. काकू एवढंच म्हणाली, "बरं. मंग पुढला साल ये."

मागच्या महिन्यात मुलीला ताप भरला. रात्री मी दुकानातून गोळ्या आणल्या. हल्ली मी घरी पट्टी कापून आणत नाही. तिच्या उशाशी बसलो, अख्खी पट्टी तिच्या हातात दिली. डोळे लाल झालेले, हात गरम. मी म्हणालो, "तापाचीच आहे." तिनं मान हलवली, पण पट्टी दिव्याच्या उजेडात धरली, नाव वाचलं, मग उलटी करून तारीख वाचली. घाई केली नाही. माझ्यावरचा राग त्यात नव्हता, बहुतेक; ती आता कुणाच्याही हातून असंच घेते, आणि तेच तर ती शनिवारी शिकवते. तरी तिचं वाचून होईपर्यंत मी पाण्याचा पेला धरून बसून होतो.

तिनं गोळी काढली, पेल्यासाठी हात पुढं केला.